शेवटच्या ओळीची कलाटणी: दुसऱ्या वाचनातही टिकणारी कथा कशी लिहावी

गी द मोपासाँ या फ्रेंच कथाकाराची ‘ला पार्युर’ ही कथा 17 फेब्रुवारी 1884 रोजी पॅरिसच्या ‘ल गोल्वा’ या दैनिकात प्रसिद्ध झाली. आपल्याकडे अनेकांनी ती ‘नेकलेस’ या नावाने इंग्रजीतून वाचलेली असते. शिक्षण खात्यातल्या एका कारकुनाची बायको, मातिल्द, एका रात्रीच्या समारंभासाठी श्रीमंत मैत्रिणीकडून हिऱ्यांचा हार उसना आणते. तो हरवतो. नवरा-बायको 36,000 फ्रँक मोजून हुबेहूब तसाच हार घेतात, मैत्रिणीला काहीही न सांगता तो परत करतात आणि त्या कर्जापायी दहा वर्षे राबतात. शेवटच्या ओळीत मैत्रीण सांगते, की तिचा हार खोटा होता, फार तर 500 फ्रँकचा. (या लेखात आणखी काही कथांचे शेवट उघड होणार आहेत, त्याला इलाज नाही.)

पहिल्या वाचनात ही शेवटची ओळ आपल्याला हादरवते. दुसऱ्या वाचनात मात्र आपण कथेच्या मध्यावरच्या एका साध्या जागेपाशी थबकतो. हार हरवल्यावर मातिल्द आणि तिचा नवरा रिकामी डबी घेऊन, डबीत ज्याचे नाव आहे त्या सराफाकडे जातात. सराफ वह्या चाळतो आणि म्हणतो, की हार आपण विकलेला नाही, डबी तेवढी आपल्याकडची असावी. हार एकीकडचा आणि डबी दुसरीकडची, एवढी शंका येण्याजोगी गोष्ट लेखकाने उघड्यावर ठेवली होती. पण त्या क्षणी आपल्यालाही मातिल्दसारखीच हार मिळवण्याची घाई झालेली असते. पुढे नवा हार परत करताना मैत्रीण डबी उघडूनही पाहत नाही. पहिल्या वाचनात आपण मातिल्दबरोबर सुटकेचा निःश्वास टाकतो, आणि दुसऱ्या वाचनात लक्षात येते, की खोट्या दागिन्याची डबी उघडून बघण्याची मैत्रिणीला गरजच नव्हती.

कलाटणीची कथा लिहू पाहणाऱ्याने कामाचा क्रम इथूनच ठरवावा, असे मला वाटते. बहुतेक नवोदित लेखक पहिल्या वाचनाचा विचार करतात, म्हणजे वाचकाला कसे चकवता येईल एवढेच पाहतात. माझा सल्ला उलटा आहे: दुसऱ्या वाचनाची कथा आधी रचावी आणि पहिले वाचन तिच्यावर पांघरूण घालावे तसे नंतर घालावे. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने येतात. उदाहरणासाठी मी एक छोटी कल्पना घेतो आणि ती शेवटपर्यंत वापरतो.

पहिली पायरी: खरी हकीकत सरळ लिहून काढावी

कल्पना अशी. बाजारपेठेच्या गावात अण्णांचे किराणा दुकान आहे. निम्मे गाव त्यांच्याकडे उधारीवर माल घेते. दुकानात हाताशी असलेला एक शाळकरी मुलगा ही गोष्ट सांगतो. अण्णा वारल्यावर तो उधारीची लाल वही उघडतो, तर पानोपानी नुसत्या आडव्या-उभ्या रेघा. अण्णांना लिहिता-वाचता येत नव्हते.

ही कलाटणी सुचली, की लगेच कथा लिहायला बसू नये. आधी एका पानावर काहीही न लपवता, घडले त्या क्रमाने सर्व लिहावे: अण्णांची शाळा का सुटली, त्यांनी हे गुपित कोणापासून राखले, रेघांचा अर्थ त्यांना स्वतःला कळत होता की नाही, हिशेब तोंडी चालत असेल तर गिऱ्हाइके सांगतील तो आकडा ते मान्य करत होते का, आणि हे ओळखलेला एखादा माणूस गावात होता का. एडगर ॲलन पो याने 1846 मधल्या एका निबंधात शेवट सतत नजरेसमोर ठेवूनच कथानक रचावे, असे बजावले होते. मी त्यापुढे जाऊन म्हणेन, की शेवट नजरेसमोर असणे पुरेसे नाही. शेवटामागची सगळी वर्षे लेखकाला ठाऊक हवीत.

हे पान लिहून झाल्यावर स्वतःला एक प्रश्न विचारावा. ही हकीकत अशीच सरळ सांगितली तर ती ऐकण्याजोगी आहे का? उत्तर नकारार्थी असेल तर कलाटणीने ती तरणार नाही. अण्णांच्या गोष्टीत मला जीव दिसतो, कारण निरक्षर माणूस वीस वर्षे गावाचा हिशेब गावाच्याच जिभेवर सोपवून बसला होता, हे गुपित अण्णांपेक्षा गावाबद्दल जास्त सांगते.

दुसरी पायरी: कोणाला काय आणि केव्हापासून ठाऊक आहे

कागदावर चार नावे लिहावीत: लेखक, निवेदक, पात्रे, वाचक. प्रत्येकाला गुपित कधी कळते ते नोंदवावे. इथे गोंधळ असेल तर पुढे कितीही कारागिरी केली तरी कथा गळते. आपल्या उदाहरणात मुलगा मोठा झाल्यावर ही गोष्ट सांगतो आहे, की दहा-बारा वर्षांचा असतानाच सांगतो आहे? मोठा होऊन सांगत असेल, तर त्याला पहिल्या वाक्यापासून सर्व ठाऊक आहे आणि तो ते जाणूनबुजून राखून ठेवतो आहे. मग तो असे का करतो, याला कारण हवे. लाज वाटते म्हणून, किंवा आपल्याला ते जसे कळले तसेच ऐकणाऱ्यालाही कळावे म्हणून, असे एखादे कारण कथेत जाणवले तर वाचक समजून घेतो. केवळ लेखकाला सोयीचे म्हणून निवेदक गप्प बसला, तर वाचकाच्या तोंडाला पाने पुसल्यासारखे होते.

वाचकाला अर्धे आधीच सांगून टाकणे, हाही एक मार्ग आहे आणि तो फारसा वापरला जात नाही. ओ. हेन्री यांची डिसेंबर 1905 मध्ये न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात आलेली ‘द गिफ्ट ऑफ द मॅजाय’ आठवावी. डेला नवऱ्याच्या घड्याळाला साखळी घेता यावी म्हणून आपले केस वीस डॉलरला विकते, ही गोष्ट वाचकाच्या डोळ्यांदेखत घडते. लपलेले असते ते फक्त दुसऱ्या बाजूचे: नवऱ्याने तिच्या केसांसाठी कंगवे घ्यायला तेच घड्याळ विकले आहे. आपल्याला अर्धे गुपित ठाऊक असल्यामुळे आपण निर्धास्त असतो. शिवाय घड्याळ आणि केस, या दोनच गोष्टींचा त्या जोडप्याला अभिमान आहे, हे लेखकाने सुरुवातीलाच सांगून ठेवलेले असते.

तिसरी पायरी: निवेदकाने गप्प राहावे, खोटे बोलू नये

या पायरीवर सर्वांत जास्त कथा घसरतात. पात्र खोटे बोलू शकते, पात्राचा गैरसमज होऊ शकतो. पण निवेदन करणारे वाक्य दोन्ही वाचनांत खरे ठरले पाहिजे. ‘अण्णा रात्री दुकान बंद करून वही वाचत बसत’ हे वाक्य तृतीयपुरुषी निवेदकाने लिहिले, तर ती फसवणूक झाली. ‘अण्णा रात्री दुकान बंद करून वही उघडून बसत’ हे वाक्य मात्र निर्मळ आहे. वाचणे ही क्रिया वाचक स्वतःच्या खिशातून घालतो. कलाटणीच्या कथेतली वाक्ये घासताना नेमके हेच करायचे असते: जे दिसले ते लिहायचे आणि त्याचा अर्थ वाचकाला लावू द्यायचा.

साकी या टोपणनावाने लिहिणाऱ्या एच. एच. मन्रो यांची ‘द ओपन विंडो’ या बाबतीत अभ्यासण्यासारखी आहे. पंधरा वर्षांची व्हेरा घरी आलेल्या पाहुण्याला शिकारीला गेलेल्या आणि कधीच न परतलेल्या माणसांची भयंकर हकीकत सांगते. ती थाप आहे. पण थाप व्हेरा मारते, निवेदक मारत नाही. आणि ती सुरू करण्यापूर्वी व्हेरा पाहुण्याला विचारून घेते, की तुम्ही इथल्या कोणाला ओळखता का, म्हणजे माझ्या मावशीबद्दल तुम्हाला काहीच ठाऊक नाही ना. पहिल्या वाचनात ही पाहुण्याची विचारपूस वाटते. दुसऱ्या वाचनात ती शिकाऱ्याने वाऱ्याची दिशा बघितल्यासारखी दिसते. (मूळ इंग्रजी शब्दावरून ती मावशी की आत्या की काकू हे ठरत नाही, मराठीत आणताना मला एक नाते निवडावेच लागले. त्याबद्दल आता सविस्तर.)

चौथी पायरी: मराठीत लपवायचे तर व्याकरणाशी गाठ आहे

कथालेखनाचे बरेचसे मार्गदर्शन इंग्रजीतून आपल्याकडे येते आणि तिथल्या काही युक्त्या मराठीत उतरताच उघड्या पडतात. निवेदक पुरुष आहे की स्त्री, हे इंग्रजीत दहा पाने सहज लपते. मराठीत ‘मी गेलो’ किंवा ‘मी गेले’ म्हणताक्षणी पत्ते उघडे होतात. ‘मी जातो’, ‘मी जाते’ यांतही सुटका नाही.

तरीही वाट आहे. भूतकाळातले सकर्मक क्रियापद बहुधा कर्माप्रमाणे चालते: ‘मी दार उघडले’, ‘मी चहा घेतला’, ‘मी चिठ्ठी वाचली’. यात बोलणाऱ्याचे लिंग कुठेच नाही. ‘मी म्हणालो’ किंवा ‘मी म्हणाले’ अडचणीचे आहे. ‘मी विचारले’, ‘मी सांगितले’ निर्धोक आहे. ‘विसरणे’, ‘शिकणे’, ‘बोलणे’ यांच्यापासून मात्र जपावे, कारण ती कर्म असूनही किंवा असल्यासारखी वाटूनही कर्त्याप्रमाणेच चालतात. ‘मला आठवते’, ‘माझ्या लक्षात आले’, ‘माझा पाय अडखळला’ अशा रचना उपयोगी पडतात. ‘मी रोज तिथे जात असे’ हा रीतिभूतकाळ, ‘मी जाईन’ हा भविष्यकाळ आणि ‘मी जात नाही’ हे नकारार्थी रूप, तिन्ही लिंगाबाबत मुकी आहेत. अर्थात पाच पाने अशा रचनांतच चालली, तर चाणाक्ष वाचकाला भाषेतला आखडलेपणा जाणवतो आणि काहीतरी लपवले जात आहे याचा वास येतो. ही युक्ती दीड-दोन पानांपुरतीच ठेवावी. ‘ती व्यक्ती’ या शब्दाचा आधार तर शक्यतो घेऊच नये. तो वाचताच पोलिसी पंचनामा समोर आल्यासारखे वाटते.

नात्यांचे शब्दही असेच बोलके आहेत. आत्या म्हटले की वडिलांची बाजू ठरली, मावशी म्हटले की आईची. दोन पात्रांमधले नाते लपवायचे असेल, तर गावात सर्वांनी एखाद्याला अण्णा, ताई, माई, बापू म्हणण्याची आपली रीत कामाला येते. मुलगासुद्धा स्वतःच्या वडिलांना चारचौघांत अण्णाच म्हणत असेल, तर वाचक त्यावर संशय घेत नाही. आणि इंग्रजीला जे जमत नाही ते आपल्याला जमते: ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला फरक. ज्याच्याशी बोलणे चालले आहे तो ‘आपण’मध्ये आत असतो, ‘आम्ही’मध्ये बाहेर. घरातली सून कथाभर ‘आम्ही’ म्हणत असेल आणि सासू तिच्याशी बोलताना एकदाच, नको त्या वेळी, ‘आपण’ म्हणून जाईल, तर तेवढ्या एका सर्वनामावर शेवट उभा राहू शकतो.

पाचवी पायरी: पेरणी

खुणा कथेत पेराव्या लागतात आणि त्या लपवण्याची उत्तम जागा म्हणजे भर उजेड. शर्ली जॅक्सन यांची ‘द लॉटरी’ 26 जून 1948 च्या ‘न्यूयॉर्कर’मध्ये आली. उन्हाळ्यातली छान सकाळ, गावकरी चौकात जमत आहेत, आणि दुसऱ्याच परिच्छेदात मुले गुळगुळीत गोटे वेचून खिसे भरत आहेत, ढीग रचत आहेत. मुले दगडांशी खेळणारच, म्हणून आपण पुढे जातो. लॉटरीत जिची चिठ्ठी निघते तिला ठेचून मारण्यासाठी ते दगड होते, हे शेवटी कळते तेव्हा आपल्यालाच ओशाळल्यासारखे होते, कारण लेखिकेने काहीच लपवले नव्हते.

अण्णांच्या गोष्टीत काय पेरता येईल? ‘चष्मा घरी राहिला रे, जरा पुडक्यावरची किंमत वाच’ हे वाक्य उघड आहे आणि एकदाच येऊ शकते. दुसऱ्यांदा आले की गुपित फुटते. पुड्या बांधायच्या रद्दीतून अण्णा चित्रे असलेली पाने बाजूला काढून ठेवतात, हे त्याहून बरे, कारण त्याचे दुसरे कारण सहज सुचते. मुलगा नापास झाल्याचे प्रगतिपुस्तक घाबरत दाखवतो आणि अण्णा ते बराच वेळ बघून त्याच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवतात, हे सर्वांत चांगले. या प्रसंगाला स्वतःचे काम आहे. मुलाला तिथे आयुष्यात पहिल्यांदा क्षमा मिळाल्यासारखे वाटते. पेरलेल्या खुणेची कसोटीच ही आहे: ती खूण नसती, तरी प्रसंग कथेत राहिला असता का? केवळ खूण म्हणून आलेला प्रसंग वाचकाला रुतलेल्या खड्यासारखा बोचतो.

संख्येचे म्हणाल तर पंधराशे-दोन हजार शब्दांच्या कथेत तीन खुणा मला पुरेशा वाटतात, आणि त्यांतली सर्वांत मोठी खूण हशा किंवा धावपळीच्या प्रसंगाच्या पाठोपाठ ठेवावी.

सहावी पायरी: उलगडा आणि थांबणे

उलगडा वस्तूतून व्हावा, खुलाशातून नव्हे. वही उघडली, रेघा दिसल्या, एवढे पुरे. त्यानंतर ‘तेव्हा मला कळले की अण्णांना लिहिता-वाचताच येत नव्हते’ असे वाक्य लिहिण्याचा मोह होतो; ते खोडावे. मोपासाँ हार खोटा असल्याचे सांगून तिथेच थांबतो. मातिल्द रडली की हसली, फरकाचे पैसे परत मिळाले की नाही, काही नाही. ओ. हेन्री मात्र उलगड्यानंतरही एक परिच्छेद बोलतात, आणि मला तो परिच्छेद नेहमी थोडा जास्तीचा वाटत आला आहे.

उलगड्याला लांबलचक पत्र लागत असेल, डॉक्टर किंवा पोलीस येऊन समजावून सांगत असतील, तर दोष शेवटात नसतो. तो पहिल्या पानावरच्या आखणीत असतो, आणि तिथेच जाऊन दुरुस्त करावा लागतो.

सातवी पायरी: दोन वाचकांची चाचणी

एका वाचकाला कथा तशीच द्यावी आणि कुठल्या ओळीला संशय आला, ते पेन्सिलीने खुणावायला सांगावे. दुसऱ्याला शेवट आधी सांगून मग कथा द्यावी. पहिल्या वाचकाने ओळखले की नाही, याचे लेखकाला फार अप्रूप असते; पण माझ्या मते महत्त्वाचा आहे तो दुसरा. शेवट ठाऊक असूनही तो रंगला, तर कथा उभी आहे. ‘कळलेच होते, मग काय वाचायचे’ असे तो म्हणाला, तर हातात उरले ते कोडे. श्रावणात दरवर्षी त्याच कहाण्या वाचल्या जातात, ‘आटपाट नगर’पासून ‘सुफळ संपूर्ण’पर्यंत सगळे पाठ असते, तरी ऐकणारे बसून राहतात. कथेला अनपेक्षितपणावाचूनही आपली पकड असते, हे विसरून चालत नाही.

कलाटणी कुठे सोडून द्यावी

काही शेवट इतके वापरून झिजले आहेत, की त्यांच्या वाटेला जाऊ नये: हे सगळे स्वप्न होते, बोलणारा आधीच मेलेला होता, तो जुळा भाऊ होता, निवेदक घरातला कुत्रा होता. घाटात रात्री लिफ्ट मागणारी बाई भूत निघाली, तर वाचकाला आता धक्का बसत नाही. भूत निघाली नाही, तरच बसेल. स्वप्नाचा शेवट पेलला जातो तो क्वचित. अँब्रोझ बिअर्स यांच्या 1890 मधल्या ‘ॲन ऑकरन्स ॲट आउल क्रीक ब्रिज’मध्ये फाशी जाणाऱ्या माणसाची सुटका शेवटच्या क्षणांतला भास ठरते, पण तिथे घड्याळाची टिकटिक त्याला ऐरणीवरच्या घणासारखी ऐकू येते, म्हणजे काळ ताणला गेल्याची खूण फास बसण्यापूर्वीच दिलेली असते.

खरी मर्यादा मात्र पुनरावृत्तीहून खोल आहे. कलाटणीसाठी पात्राला लेखकाच्या सोयीने वागावे लागते: मातिल्दने मैत्रिणीला एकदा खरे सांगितले असते, तर कथाच झाली नसती. मोपासाँने तिचा अहंकार आणि लाज इतकी नीट उभी केली आहे, की तिचे न सांगणे आपल्याला पटते. जिथे असे कारण स्वभावात सापडत नाही, तिथे पात्रे कळसूत्री बाहुल्या होतात. मराठीत ना. सी. फडके यांनी कथेच्या तंत्राचा आग्रह धरला, आणि 1945 नंतरच्या काळात गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, व्यंकटेश माडगूळकर यांच्या पिढीने घट्ट बांधलेल्या कथानकापेक्षा माणसाच्या मनाला आणि अनुभवाला प्राधान्य दिले, त्यामागे हीच अस्वस्थता होती असे मी समजतो. गूढकथेचे गणित थोडे निराळे आहे. तिथे वाचक धक्का घ्यायलाच आलेला असतो, आणि तेवढ्यासाठी तो पात्रांना बरीच सूट देतो.

आपली कथा कोणत्या प्रकारची आहे, हे ठरवण्यासाठी एक प्रयोग करावा: उलगडा उचलून शेवटून मध्यावर आणावा आणि पुढे काय लिहिता येते ते पाहावे. अण्णांच्या कथेवर मी तो केला. मुलगा वही उघडतो, रेघा बघतो. अजून निम्मी कथा शिल्लक आहे. अण्णांचा तेरावा होतो, दुकान पुन्हा उघडते, आणि पहिले गिऱ्हाईक फळीसमोर येऊन उभे राहते: ‘बघ रे, माझे किती निघतात?’ मुलगा वही उघडतो, रेघांवरून बोट फिरवतो, आणि मान वर न करता विचारतो, ‘तुम्हीच सांगा ना, किती?’